मनाचे दुखणे, फोनवरचा डॉक्टर आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावच्या एखाद्या विदुषीला बोलावण्याची आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने ठरवले की घरचीच बाई उभी करायची, आणि विषयही तिनेच निवडायचा. मी सातवी पास. पुस्तकी बोलणे मला जमायचे नाही. लोणच्यावर बोल, चिकूच्या चिप्सवर बोल, असे मला दोघीतिघींनी सुचवले. पण लोणचे तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा बरे येते. ज्या गोष्टीवर आपण हळदीकुंकवाला, पापडाला, भजनाला जमतो तेव्हा एक अक्षर बोलत नाही, आणि घरी गेल्यावर मात्र पदराआड डोळे पुसतो, त्यावर आज बोलावे असे मी ठरवले.

तरण्याताठ्या पोरापोरींना मनाचे दुखणे होते. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात आणि आपली मुलेही तोच शब्द वापरतात. हल्ली ही मुले त्या दुखण्याचा इलाज मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलून करून घेतात. हे खरे की थोतांड, आणि त्यात घरातल्या बाईचे काम काय, एवढेच मला सांगायचे आहे.

पहिल्यांदा तो प्रश्न घेते, जो इथे बसलेल्या निम्म्या जणींच्या ओठांवर आहे. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरे!" नव्हती कशी? होती. फक्त नाव दुसरे होते. कोणाला बाहेरचे लागले म्हणत, कोणाला नजर लागली म्हणत, कोणी आळशी ठरे, कोणी कामचुकार. मुलगी असली तर "लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल" असे सांगत. आणि एखादीने विहीर जवळ केली तर पाय घसरला असे गावाला सांगून मोकळे होत. अशी एखादी आत्या, एखादी चुलती ज्या घरात नाही असे घर दाखवा. तिचा फोटोही भिंतीवर नसतो.

बंगळूरला निम्हान्स म्हणून केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. तिने २०१५-१६ साली बारा राज्यांत घरोघर फिरून पाहणी केली. त्यांत आपला महाराष्ट्र नव्हता, पण तलासरीची शीव ओलांडली की लागते ते गुजरात होते. त्या पाहणीत असे दिसले की वीस मोठ्या माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हे उदासीचे दुखणे होऊन जाते. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की असल्या नेहमीच्या मनाच्या दुखण्याची जी माणसे सापडली, त्यांतल्या शंभरांत ऐंशीहून अधिक जणांना काहीच उपचार मिळालेले नव्हते. आता आपल्या आळीतली घरे मनातल्या मनात मोजा. हे दुखणे आपल्या आळीला वगळून पुढे गेले असेल असे मला वाटत नाही.

दुःख आणि दुखणे यांत फरक आहे. परीक्षेत नापास झाले, कोणी वारले, ठरलेले लग्न मोडले, तर माणूस रडणारच, आणि रडावेच. पण पंधरा दिवस उलटले, रोज दिवसभर मन त्याच गाळात रुतलेले, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, झोप उडालेली किंवा उठवत नाही इतकी झोप, जेवण तुटलेले, लक्ष लागत नाही, मी कोणाच्या कामाची नाही असे पुन्हा पुन्हा वाटणे, असे होऊ लागले की ते दुखणे समजावे. पोरांत ते चिडखोरपणाने दिसते. सारखे डोके दुखते, पोट दुखते म्हणतात. आपण म्हणतो, मोबाइल पाहून डोळे बिघडले.

आपल्या दोन्ही तालुक्यांनी एक गोष्ट अनुभवली आहे, ती इथे आठवते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, तलासरी, डहाणू ह्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, आणि ते कितीतरी महिने चालूच राहिले. थंडीत लेकरे घेऊन लोक अंगणात निजले, तंबूंत निजले. त्या दिवसांत "मला भीती वाटते, झोप येत नाही, छातीत धडधडते" असे सांगायला कोणाला लाज वाटली नाही. पुरुषांनाही नाही. कारण जमीन सगळ्यांच्याच पायाखालची हलत होती. एकट्याच्या पायाखालची हलली की मात्र तो तोंड मिटून बसतो.

आता डॉक्टरांचे. अंगाच्या दुखण्याला डहाणूला आणि कासाला सरकारी रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. पण मनाचा डॉक्टर म्हटला की आपल्या भागातल्या माणसाला एकच नाव सुचते, ते म्हणजे ठाणे. तिथले मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे. आणि त्या ठाण्याने आपले एक नुकसान केले आहे. बिचाऱ्या रुग्णालयाचा त्यात काय दोष, नुकसान आपल्या जिभेने केले. "ह्याला ठाण्याला नेऊन टाका" ही आपली थट्टा. लहानपणापासून मूल ही थट्टा ऐकते, मग स्वतःचे मन दुखू लागले की ते आईला कसे सांगणार? २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून जाणे सोपे झाले खरे. पण सोपे म्हणजे किती? पहाटे निघा, गाडी बदला, दिवसाची मजुरी किंवा कॉलेज बुडवा, आणि स्टेशनावर भेटलेल्या ओळखीच्या माणसाला कुठे निघालात ह्याचे उत्तर द्या. तेही एकदा नव्हे, दर महिन्याला. तलासरीच्या आतल्या पाड्यावरच्या मुलाला तर आधी हमरस्त्यापर्यंत यायचे असते.

ही अडचण टाळेबंदीच्या वर्षाने थोडी सोडवली. २५ मार्च २०२० ह्या दिवशी देश बंद झाला आणि त्याच दिवशी सरकारने डॉक्टरांनी दुरून तपासावे कसे याचे नियम जाहीर केले. पुढच्याच महिन्यात घरबसल्या डॉक्टरांना भेटण्यासाठी ई-संजीवनी सुरू झाली. मग मनाच्या दुखण्यासाठी निराळी सोय झाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, टेली-मानस सुरू झाले. त्याचा क्रमांक १४४१६. पाठ करून ठेवा, देवाच्या आरतीसारखा. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आधी समुपदेशक बोलतो, म्हणजे ऐकून घेऊन धीर देणारा शिकलेला माणूस. गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा कुठल्या दवाखान्यात जावे ते सांगतो. ह्याशिवाय खासगी डॉक्टर आहेत. ते वेळ ठरवून देतात, फी घेतात, आणि पडद्यावर समोरासमोर बोलतात.

इतके ऐकून वाटेल की झाले, आता डॉक्टर खिशात आला! पण मला खरे सांगायचे आहे ते पुढेच आहे. डॉक्टर घरापर्यंत येतो, पण घरात त्याला बसायला जागा लागते. ती जागा देणे आपल्या हातात आहे.

एका मुलीची हकीकत सांगते. ती कोणाची, माझी कोण लागते, आज ह्या सभेत आहे की नाही, यांतले काही मी सांगणार नाही, आणि तुम्हीही शोधू नका. तिने जेवढे सांगू दिले तेवढेच सांगते. वीस वर्षांची, शिकायला बाहेर होती. हुशार. सुटीला म्हणून आली ती परत जाईना. न्हायची नाही, केस विंचरायची नाही. घरात म्हणत, कोणीतरी मुलगा असणार. तिचे तिनेच मोबाइलवर एक डॉक्टरीणबाई शोधली, शिलकीतले पैसे भरले आणि वेळ ठरवली.

आता बोलायचे कुठे? घर तीन खोल्यांचे. पुढच्या खोलीत आजोबांची खाट आणि टीव्ही. मधल्यात आई शिवणयंत्रावर. स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे. मोरीत जाऊन बोलावे तर बाहेरून हाका. शेवटी ती भरदुपारी वाडीत गेली, आणि चिकूच्या झाडाखाली बसून बोलली. बोलता बोलता रडली. चिकू उतरवणाऱ्या माणसांनी पाहिले. संध्याकाळपर्यंत बातमी घरी आली की पोरगी वाडीत बसून कोणाशी तरी रडत बोलते. मग काय, वडिलांनी फोन काढून घेतला. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याने पुन्हा बोलायला सांगितले होते, ती वेळ तशीच गेली. त्या पंधरा दिवसांत तिच्या मनात काय काय येऊन गेले ते तिने मला मागाहून सांगितले. ते मी इथे बोलणार नाही. एवढेच म्हणते, की वाडीतले फवारणीचे औषध तेव्हापासून त्या घरात कुलपात असते आणि किल्ली आईच्या कनवटीला.

ती एके दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला तुमच्या आतल्या खोलीत एक तास बसू द्याल का? काही विचारू नका." मी विचारले नाही. खोलीत धान्याच्या कणग्या होत्या. त्या एका बाजूला सारल्या, खुर्ची टाकली, दार लोटून घ्यायला सांगितले. आमचे दूरदर्शन मोठ्याने लावून ठेवले, म्हणजे आतला शब्द बाहेर येऊ नये. मी ओट्यावर वाल निवडत बसले. येणाऱ्या जाणाऱ्यांना सांगितले की ती परीक्षेचा अभ्यास करते आहे. हे खोटे देवाने मला माफ करावे, आणि न केले तरी चालेल.

मग डॉक्टरीणबाईंनी तिची परवानगी घेऊन तिच्या आईवडिलांशी बोलणे केले. तिच्या परवानगीशिवाय एक अक्षर सांगणार नाही असे त्यांनी आधीच बजावले होते. २०१७ साली मानसिक आरोग्याचा कायदा झाला, तो २०१८ पासून लागू आहे. रोग्याची गोष्ट गुप्त राखावी असे त्यात लिहिलेलेच आहे. वडील आधी फणफणले. "पाहिले नाही, नाडी धरली नाही, आणि गोळ्या लिहून दिल्या?" त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, त्याबद्दल पुढे बोलते. पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना मुलीच्या झोपेबद्दल, खाण्याबद्दल असे प्रश्न विचारले की ते गप्प झाले. एकाचेही उत्तर त्यांना येईना.

गोळ्यांचे एक रामायण निराळेच. आपल्या गावच्या औषधाच्या दुकानात आळीतलाच मुलगा काम करतो. तेव्हा चिठ्ठी तिथे न्यायची नाही. तिचे वडील गाडीत बसून पार वापीला जाऊन गोळ्या आणीत. दहा दिवस झाले, फरक नाही. आई म्हणाली, बंद कर, उष्ण पडतात. ह्या गोळ्या तापाच्या गोळीसारख्या नसतात हे आपल्याला माहीत नसते. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आधी मळमळ होते, पोट बिघडते, आणि बरे वाटणे मागून येते. विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांना सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढते की काय, नको ते विचार येतात की काय, इकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायचे असते आणि तसे वाटले तर लगेच डॉक्टरांना कळवायचे असते. पुढे बरे वाटू लागले की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. बरे वाटल्यावरही सहा महिने तरी बहुतेकांना त्या चालू ठेवाव्या लागतात, आणि सोडायच्या त्या हळूहळू, डॉक्टरांना विचारून. सवय लागते, व्यसन जडते, अशी जी ओरड आहे ती उदासीवरच्या नेहमीच्या गोळ्यांबद्दल खरी नाही. सवय लागणाऱ्या काही गोळ्या निराळ्या असतात, आणि त्या दुरून लिहून देण्यास नियमांनी मनाई केली आहे. सगळ्यांना गोळ्याच लागतात असेही नाही. दुखणे हलके असेल तर नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही पुष्कळांना उतार पडतो.

ती मुलगी आज कशी आहे? एक वर्ष वाया गेले. गोळी चालू आहे. मध्यंतरी पुन्हा दोन आठवडे वाईट गेले. पण परवा केस धुऊन, मोगरा माळून माझ्याकडे आली आणि वालाचे बिरडे मागून मागून जेवली. मी तिला काही म्हटले नाही, आणखी एक पळी वाढली.

दुसरी गोष्ट तलासरीकडची. तिकडचा एक आदिवासी मुलगा, उंबरगावच्या बाजूला कंपनीत पाळीवर जाणारा. तो कामावर जायचा थांबला. घरच्यांनी भगताकडे नेले. इथे कोणी हसू नये. भगत त्या मुलाजवळ रात्रभर बसला. आपल्यापैकी कोण आपल्या मुलाजवळ रात्रभर बसते? पण नुसत्या बसण्याने दुखणे उतरले नाही. शेवटी पाड्यावरच्या आशाताईंनी आरोग्य केंद्रात नेले. घरी फोन एकच, तोही थोरल्या भावाचा, आणि रेंज हवी तर टेकडीवर चढायचे. टेकडीवर उभे राहून कोणी मनातले सांगेल काय? केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. हल्ली त्या केंद्राला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यांच्याकडच्या यंत्रावरून ई-संजीवनीने मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. तिकडून डॉक्टर शहरी मराठीत विचारीत, "उदास वाटते का?" मुलगा नाही म्हणे. त्याला तो शब्दच आपला वाटेना. आशाताई मध्ये बसल्या आणि त्याच्या बोलीत विचारले, तेव्हा त्याने सांगितले की जीव कशातच नाही, हातपाय दुसऱ्याचे वाटतात. तिथे बंद दारापेक्षा जवळचे माणूस जास्त उपयोगी पडले. तेव्हा एकच औषध सगळ्यांना असे ह्यात काही नाही. त्या मुलाला विचारून त्या बसल्या होत्या, एवढे मात्र लक्षात ठेवा.

आता त्या मुलीच्या वडिलांच्या शंकेकडे येते. न पाहता औषध कसे? फोनवरच्या डॉक्टरला रोग्याचा हात हातात घेता येत नाही. मुलगी किती वाळली, अंगावर सूज आहे का, नखे पांढरी पडली का, हे पडद्यावर नीट दिसत नाही. अंगात रक्त कमी असले, थायरॉइड बिघडले, तरी माणूस असाच गळून जातो. आपल्या भागात आदिवासी कुटुंबांत सिकल सेलचा आजारही आहे. म्हणून एकदा तरी जवळच्या दवाखान्यात जाऊन अंग दाखवावे, रक्त तपासून घ्यावे आणि तो कागद फोनवरच्या डॉक्टरांना दाखवावा. डॉक्टर खरा की तोतया, हेही पाहावे. चिठ्ठीवर त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, तसा नियम आहे. फी आधी विचारावी. मूल अठराच्या आतले असेल तर घरातले मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय डॉक्टर दुरून तपासत नाहीत. आणि हल्ली मुले मोबाइलातल्या बोलक्या यंत्रालाच मनातले सांगू लागली आहेत. ते गोड बोलते म्हणे. बोलो बापडे, पण ते डॉक्टर नव्हे आणि समुपदेशकही नव्हे.

आणि जीवाला धोका दिसला तर ठरलेल्या वेळेची वाट पाहायची नाही. मुलाला एकटे सोडायचे नाही, १०८ ला फोन करायचा, दवाखान्यात न्यायचे. "जीव नकोसा वाटतो का रे?" असे सरळ विचारावे. विचारल्याने नसलेले मनात भरते, ही समजूत खोटी आहे. उलट मुलाचा बांध फुटतो आणि आपल्याला कळते. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे असली गोष्ट दडवतात. पण मघाशी सांगितलेल्या कायद्यात लिहिले आहे की ज्याने असा प्रयत्न केला तो अतिशय ताणाखाली होता असेच धरावे, आणि त्याच्यावर त्यासाठी खटला भरू नये. तेव्हा भीती धरून दवाखाना टाळू नका.

घरातल्या बाईने काय करायचे म्हणाल, तर मला सगळ्यात अवघड वाटते ते न ऐकणे. आपल्या घरांत दार लावून घेणे म्हणजे काहीतरी लपवणे असे समजतात. मूल दार लोटते आणि आई लगेच "चहा आणू का?" करीत आत. माझी एक मैत्रीण तर दाराला कान लावून उभी राही आणि मुलगा बाहेर आला की म्हणे, "माझ्याबद्दल काय सांगितलेस?" अहो, सांगितले असेल तुमच्याबद्दल! आईबद्दल नाही सांगणार तर कोणाबद्दल? पाहुण्याला आपण उंबरठ्याबाहेर पाय धुवायला पाणी देतो. मुलाला तासभर दार देता येत नाही? बाहेर आल्यावर डोळे लाल दिसले तर विचारू नये. चहा मात्र द्यावा.

सासूबाई मंडळींना एक विनंती. नवी सून असेल तर तिचा फोन घरात सगळ्यांच्या देखत असतो. तिचे दुखणे सगळ्यांत खोल गाडलेले राहते. बाळंतपणानंतर तर ते फार होते, आणि आपण म्हणतो, बाळ झाले आणि ही रडते काय! तिलाही तो तास द्या.

आता शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. त्यासाठीच मी हा विषय घेतला, हे आधी सांगितले असते तर तुम्ही मला लोणच्यावरच बोलायला लावले असते.

आपल्या मंडळाच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिला पक्के दार आहे, आतून कडी आहे, खिडकी वाडीकडे उघडते आणि फोनला रेंज चांगली येते. मी उभे राहून पाहिली आहे. आज तिथे पापडाचे यंत्र, समारंभाची पातेली आणि २०१९ च्या वर्धापनदिनाचा फलक आहे. ही खोली आठवड्यातून दोन दुपारी, मंगळवारी आणि शुक्रवारी, ज्या मुलामुलींना घरी बोलायला जागा नाही त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी. वही ठेवायची नाही, नाव लिहायचे नाही, कारण विचारायचे नाही. फोन ज्याचा त्याने आणायचा. ज्याच्याकडे नसेल त्याला माझा देईन.

कार्यकारिणीत मी हे बोलले तेव्हा दोन हरकती आल्या. पहिली अशी, की कोण आत गेले हे सगळ्यांना दिसेल, आणि त्या खोलीचे नाव "वेड्यांची खोली" पडेल. खरे आहे, आपल्या गावाची जीभ मला माहीत आहे. म्हणून त्याच दोन दुपारी पुढच्या दालनात शिवणवर्ग ठेवावा असे मी सुचवते. वीस मुली येत जात असल्या की एक मुलगी मागे गेली हे कोणाच्या ध्यानात येणार? मुलांसाठी मागचे फाटक आहे. दुसरी हरकत, की त्या खोलीत मुले भलतेच काही बोलत बसली तर जबाबदार कोण? त्याला माझे उत्तर असे, की भलतेच बोलायला मुलांना आपली खोली लागत नाही, समुद्रकिनारा आहे. जिला इथे येऊन कडी लावावी लागते, तिला दुसरीकडे कुठे बसता येत नाही म्हणूनच ती आलेली असते. तरीही एक मोठी बाई पुढच्या दालनात शिवण घेऊन बसलेली असावी. पहिले तीन महिने मंगळवार माझा. शुक्रवारला कोणीतरी हात वर करा.

यंत्र आणि पातेली माझ्या पडवीत ठेवायला जागा आहे. ती हलवायची म्हणजे चार जणी तरी लागतील, कारण यंत्र जड आहे. खोलीची किल्ली सध्या चिटणीसबाईंकडे आहे, आणि त्या आज हसून माझ्याकडे पाहत आहेत, म्हणजे द्यायला तयार असाव्यात. शनिवारी दुपारी तीन वाजता या. येताना झाडू आणि एक जुनी चादर आणा. खिडकीला पडदा नाही, तो त्याच दिवशी शिवून टाकू.